मोराचा डबा

कपाटात, हजेरीपटाच्या मागे,
बिस्किटांचा एक जुना डबा आहे.
झाकणावरचा मोर घासून घासून
नुसता पिसारा उरलाय.
आत नयन पेंदोरच्या गोळ्या,
पिवळ्या, मुगाच्या डाळीएवढ्या.
रोज एक, खिचडीनंतर.

जूनमध्ये त्याच्या आईनंच आणून दिल्या,
"घरी ठेवल्या तं राहूनच जाते, मॅडम.
मी सकाळीच निंदाले जातो.
तुमी हाजरी घेता, तशी हेबी घ्या."

तेव्हापासून घेते.
नाव पुकारलं की तो येतो, गिळतो,
आणि जीभ बाहेर काढून दाखवतो.
त्याच्यामागे अख्खी दुसरी
जिभा काढून उभी राहते,
काही न झालेल्यांच्या गुलाबी जिभा.

सिकल हा शब्द त्याला शिकल असा ऐकू येतो.
"मले शिकल हाये," तो नव्या पोट्ट्यांना सांगतो,
जणू बाकीच्यांचं अजून शिकायचं राहिलंय.

मोह पडायला लागला त्या आठवड्यात
पहिलीतल्या आरुणीच्या कपाळावर
पाण्याचा एक फोड दिसला.
दुसऱ्या दिवशी तिघांना.
शुक्रवारी अकरा.
मी पोरं लांब लांब बसवली, व्हरांड्यापर्यंत,
फळ्यावर लिहिलं: आपला ग्लास आपणच वापरावा.
ग्लास सात होते.
पोरांनी वाद घातला नाही,
बोरिंगवर जाऊन ओंजळीनं प्याली.

सिस्टर स्कूटीवर आल्या, यादी केली.
"खपली धरेपर्यंत कोणी शाळेत नको.
आणि तुम्हाला झाल्या होत्या का लहानपणी?"

मला माहीत नव्हतं.
आईला फोन लावला.
ती म्हणाली, तुला नाहीतर सुनीलला,
एकाला झाल्या होत्या खऱ्या.
एकाला पाल्यावर निजवलं होतं.
थांब, आठवून सांगते.

सोमवारी नयन आला नाही.
खिचडी झाली, भांडी घासून झाली,
हात सवयीनं कपाटाकडे गेला.

संध्याकाळी गेले त्याच्या घरी.
दाराला निंबाचा डगाळा.
"आत नोका येऊ मॅडम, माता हाये घरात."
गोळ्या आणल्यात, मी म्हटलं.
"माता हाये तवरिक गोयी चालत नाई. कोपते ते."

चौथीला मी यावरच धडा शिकवते.
पाठ आहे मला, स्वाध्यायासकट.
तिथं अंगणात त्यातलं एक वाक्यही
तोंडात येईना.
म्हटलं, ही फोडांची नाही.
ही त्याची जुनी.

ती गप्प राहिली. आत कुणीतरी कण्हलं.
"जुनी म्हंजे मातेच्या आंधीची?"
जूनपासूनची.
"मंग ते घरातलीच हाये," ती म्हणाली.
"माता तं आत्ता आली, पाव्हणी."
पळसाच्या पानावर तिनं पुडी उचलून घेतली,
आठ दिवसांच्या आठ.

ताप चढला तर सकाळची वाट बघू नका,
रात्री उठवा, असं तीनदा सांगून
सिस्टरचा नंबर मी खडूनं दाराशेजारी लिहिला.
शेवटचा आकडा नीट उमटला नाही,
म्हणून परत गिरवला.

निघाले तर खिडकीतून हाक आली.
गजांमध्ये नयनचं तोंड,
पूर्ण उघडलेलं.
जीभ बाहेर.
तिच्यावरही दोन फोड.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आईचा फोन.
सुनीलला झाल्या होत्या, बाई.
तुला आत्याकडे ठेवलं होतं तेव्हा.

काल रात्रीपासून कानामागे खाजतंय.
डास असेल.
नसेल तर डबा कमळजाबाईकडे द्यावा लागेल,
खिचडीवालीकडे.
तिला गोळीचं नाव वाचता येत नाही,
पण पोरानं घास गिळला की गालात धरला,
हे ती चुलीजवळ बसून ओळखते.